पटकथेतील संवाद आणि सीमाभागाची बोली

१

चित्रपटाची पटकथा वाङ्मय या नावास पात्र आहे की नाही, याविषयी आपल्याकडील विद्वान अजूनही साशंक असलेले दिसतात. नाटकाची संहिता छापली जाते, ती ग्रंथालयात जाते, अभ्यासक्रमात नेमली जाते आणि तिच्यावर टीकाग्रंथही निघतात. बोलपटाच्या पटकथेच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते. चित्रीकरण संपले की तिचे कागद बहुधा रद्दीत जमा होतात आणि उरते ते केवळ प्रेक्षकांच्या कानांत उरलेले. तरीही हे कानांत उरलेले थोडे नसते. ज्याने आयुष्यात एखादी कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली नाही असा गृहस्थ निपाणीच्या बाजारात किंवा बेळगावच्या मोटारतळावर बोलपटातील अख्खा प्रसंग आवाजाच्या चढउतारांसह म्हणून दाखवितो आणि भोवतालचे दहा जण त्याच्या पुढचे वाक्य त्याच्या आधीच बोलतात. पूर्वी हे भाग्य ओव्यांना, अभंगांना आणि म्हणींना लाभत असे. जे वाङ्मय लोकांच्या जिभेवर इतके सहज वसते त्याचा विचार साहित्याच्या उपासकांनी करू नये, हे आम्हांस उचित वाटत नाही.

या लेखात दोन प्रश्नांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. बोलपटातील संवाद स्मरणात राहतो तो कशामुळे, हा पहिला प्रश्न. मराठी बोलपटाची जन्मभूमी जे कोल्हापूर, त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या बेळगाव-निपाणी भागाची बोली या संवादांत इतकी विरळ का आढळते, हा दुसरा. वरवर पाहता हे प्रश्न निरनिराळे भासतात. परंतु पहिल्याचे उत्तर नीट सापडले की दुसऱ्याचेही हाती येते, असा आमचा अनुभव आहे.

२

ज्या प्रदेशाविषयी आम्ही लिहीत आहो तो नाट्यकलेला अपरिचित नाही. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ साली सांगलीस झालेल्या विष्णुदास भावे यांच्या प्रयोगापासून मानतो. त्या प्रयोगास कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती, हे सर्वश्रुत आहे. त्याच १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला आणि १८८० साली त्यांच्या ‘शाकुंतला’ने मराठी संगीत रंगभूमीचे युग सुरू झाले. म्हणजे कन्नड आणि मराठी यांचा जेथे शेजार, तेथेच आपल्या नाट्यकलेची मुळे रुजलेली आहेत.

या इतिहासातील एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. विष्णुदासांच्या खेळांत पदे रचलेली असत. भाषणे मात्र बहुतांशी नटांनी आयत्या वेळी आपल्या बुद्धीने करावयाची असत. किर्लोस्करांच्या हाती नाटकाला आदिपासून अंतापर्यंत लिहिलेले, बांधेसूद संवाद लाभले. त्यामुळे नाटक वाङ्मय झाले. परंतु नटाच्या तोंडची जिवंत, गावठी, त्या त्या क्षणाची भाषा मात्र हळूहळू मागे सरली. लिहिलेले वाक्य आणि बोललेले वाक्य यांमधील ही ओढाताण नाटकाने बोलपटाच्या पदरात घातली आणि ती आजतागायत मिटलेली नाही.

पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने काढला. ही कंपनी तेव्हा कोल्हापुरातच होती. पुण्यास ती १९३३ साली गेली. या पहिल्या बोलपटाची हिंदी आवृत्तीही त्याच वेळी निघाली. एकच प्रसंग दोन भाषांत उभा करावयाचा, तर प्रसंग आणि वाक्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे लेखकाच्या ध्यानात येणे अपरिहार्य होते. प्रसंग भाषेपलीकडे जाऊ शकतो. वाक्य मात्र त्या भाषेच्या मातीतूनच उगवावे लागते.

३

चित्रपटाच्या आरंभीच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन नावे पुष्कळदा वेगवेगळी झळकतात. सामान्य प्रेक्षक यांतील भेद मनावर घेत नाही. पण तो ध्यानात घेतल्यावाचून स्मरणीय संवादाचे रहस्य उलगडत नाही. काय घडले ते कथा सांगते. ते कोणत्या क्रमाने, कोणाच्या नजरेतून, किती दाखवून आणि किती झाकून सांगावयाचे, हे पटकथा ठरविते. आणि त्या ठरलेल्या क्षणी कोणाच्या तोंडी कोणते शब्द यावेत, हे संवादलेखकाचे काम. यांवरून असे दिसेल की संवादाला बळ येते ते त्याच्या आधीच्या दहा प्रसंगांतून. ज्या क्षणासाठी पटकथेने भूमी नांगरून ठेविली आहे त्या क्षणी साधे वाक्यही रुजते. आणि ती नसेल तर अलंकारांनी मढविलेले वाक्यही खडकावर पडलेल्या बियाप्रमाणे वाळून जाते.

याची साक्ष १९७५ सालच्या दोन चित्रपटांत मिळते. एक हिंदी, दुसरा मराठी; एकाचा प्रेक्षकवर्ग अफाट, दुसऱ्याचा मोजका. सलीम-जावेद यांच्या ‘शोले’त दरोडेखोर गब्बरसिंग हार खाऊन परतलेल्या आपल्या माणसांना, समोरची माणसे किती होती, एवढेच विचारतो. या प्रश्नात उपमा नाही, यमक नाही, अवघड शब्द नाही. बाजारातला व्यापारी पोती किती आली म्हणून विचारतो, तितकाच तो साधा आहे. परंतु त्याचे उत्तर प्रेक्षकास आधीच ठाऊक असते आणि त्या उत्तराची किंमत कोणास मोजावी लागणार, ही धास्तीही त्याच्या मनात असते. त्यामुळे तो प्रश्न देशभर पाठ झाला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’तही असाच एक प्रश्न आहे. साखर कारखान्याच्या जोरावर गावावर सत्ता गाजविणाऱ्या हिंदुरावाच्या आश्रयास आलेला, दारूने खचलेला एक म्हातारा मास्तर, मारुती कांबळे याचे पुढे काय झाले, असे विचारीत राहतो. प्रथम तो प्रश्न कुतूहलाचा असतो, मग अडचणीचा होतो, मग असह्य होतो. शब्द तेच राहतात. पटकथा पुढे सरकते आणि त्या शब्दांचे वजन वाढत जाते. निळू फुले आणि श्रीराम लागू यांच्या अभिनयाचे श्रेय त्यांस अवश्य द्यावे. पण त्या अभिनयाला जागा करून दिली ती लेखकाने.

‘पिंजरा’ या १९७२ सालच्या चित्रपटातही हेच तत्त्व दिसते. त्याचे संवाद शंकर पाटलांचे. गावाने देवासारखा पूजिलेला एक शिक्षक तमाशाच्या फडात वाहवत जातो. दुसऱ्याच्या प्रेतावरून गाव त्यालाच मृत समजते, त्याचा पुतळा उभारते आणि अखेर त्या शिक्षकाच्या खुनाचा आरोप त्याच्यावरच येतो. अशा स्थितीत तो जे बोलेल त्याचे दोन अर्थ होणार, हे उघड आहे: न्यायालयास एक कळणार, प्रेक्षकास दुसरा. येथे संवादलेखकास श्लेष करावा लागत नाही. पटकथेनेच तो करून ठेविलेला असतो. लेखकाने करावयाचे ते इतकेच, की वाक्य साधे ठेवावे आणि मधे येऊ नये. हा संयम फार थोड्यांना साधतो.

जुन्या काळचे उदाहरण हवे असेल तर १९३६ सालच्या ‘संत तुकारामा’ची आठवण करावी. शिवराम वाशीकरांनी लिहिलेल्या या पटकथेत भक्तीची सारी भाषा तुकोबांच्या वाट्याला आली आहे आणि संसाराची सारी भाषा जिजाईच्या. लेकरू आजारी पडले म्हणून संतापलेली जिजाई पायताण घेऊन विठोबाच्या देवळात शिरते, तेव्हा तिच्या तोंडची भाषा चुलीपुढची आहे. तिला कोणी संस्कार केलेला नाही. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली गौरविल्या गेलेल्या या चित्रपटातील तुकोबांच्या अभंगांइतकेच जिजाईचे बोलणे आजही ताजे वाटते, याचे कारण त्यात आहे. ज्या बाईच्या घरात दाणा नाही ती देवाशी ज्या भाषेत भांडेल, त्याच भाषेत ती भांडली.

४

येथवर आम्ही पटकथेविषयी बोललो. आता बोलीकडे वळू. कारण जिजाईची चूल आम्हांस तेथेच घेऊन जाते.

कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत संवादलेखनाच्या दोन परंपरा दिसतात. पहिली साहित्यिकांची. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्ससाठी वि. स. खांडेकरांनी ‘छाया’ (१९३६), ‘ज्वाला’ (१९३८), ‘देवता’ (१९३९) हे बोलपट लिहिले आणि आचार्य अत्र्यांनी ‘ब्रह्मचारी’ (१९३८) व ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) लिहून मराठी प्रेक्षकास मनसोक्त हसविले. खांडेकरांच्या पात्रांची वाक्ये सुभाषितांच्या वळणाची. अत्र्यांची वाक्ये सभा जिंकणाऱ्या वक्त्याची. दोन्हींची भाषा सुशिक्षित शहरी घरातील होती. त्यांचा आदर आम्हांस आहेच. तथापि निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून संध्याकाळी थेट सिनेमाला आलेल्या माणसास ती भाषा समजली, आवडली, तरी ती त्याची नव्हती.

दुसरी परंपरा भालजी पेंढारकर, दिनकर द. पाटील आणि पुढे शंकर पाटील यांची. भालजींचा ‘साधी माणसं’ (१९६५) पाहताना लोहाराच्या भात्याजवळची भाषा पडद्यावर ऐकू येते. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीस जन्मलेल्या शंकर पाटलांनी कथेतून कमावलेली गावची बोली ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) सारख्या चित्रपटांत आणली. या तिघांपैकी दिनकर पाटील हे आमच्या दृष्टीने विशेष जवळचे. कारण ते निपाणीजवळच्या बेनाडीचे. मास्टर विनायकांच्या हाताखाली तयार झालेल्या या लेखक-दिग्दर्शकाने, विनायकरावांचे १९४७ साली अकाली निधन झाल्यावर, त्यांचा अपुरा राहिलेला ‘मंदिर’ पूर्ण केला. त्याच सालचा त्यांचा ‘जय मल्हार’ आणि १९५० सालचा ‘रामराम पाव्हणं’ यांनी ग्रामीण मराठी बोलपटाची पायवाट रुळविली. आत्मचरित्रास त्यांनी ‘पाटलाचं पोर’ हे नाव दिले, यातही एक भूमिका आहे. गावच्या माणसाने गावच्या नावानेच ओळखले जावे, ही ती भूमिका होय.

निपाणी ते कोल्हापूर हे अंतर अवघे चाळीस किलोमीटरांच्या आसपास. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव व निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. पुढे १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. राज्याची सीमा बदलली, तरी कोल्हापुरात तयार झालेला बोलपट या गावांना परका झाला नाही. ज्या घरात सरकारी कागद कन्नडात येतो, दुकानात दोन्ही भाषा चालतात आणि मूल इंग्रजीत शिकते, त्या घरात मराठी एकत्र बसून ऐकावयाचे एक मोठे ठिकाण म्हणजे मराठी बोलपट. म्हणूनच त्यात आपले बोलणे कसे ऐकू येते, ही या प्रदेशातील माणसास केवळ करमणुकीची बाब वाटत नाही.

५

मग या प्रदेशाचे बोलणे बोलपटात कसे ऐकू येते? खेदाने म्हणावे लागते की ते बहुधा ऐकूच येत नाही. आणि आले तर हशा पिकविण्यासाठी येते. कन्नड वळणाने मराठी बोलणारा हॉटेलवाला, लिंगाची गल्लत करणारा पाहुणा, शब्दांच्या अखेरीस चमत्कारिक हेल काढणारा शेटजी, एवढीच त्याची सोंगे. दोन मिनिटे लोकांना हसवून ही पात्रे निघून जातात. त्यांना दुःख नसते, निर्णय नसतो, प्रेम नसते. म्हणजे पटकथेत त्यांच्यासाठी जागाच नसते.

या बोलीचा एक विशेष सांगतो. कोल्हापूरच्या दक्षिणेस आणि बेळगावकडे बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ असे म्हणतात. ‘येते’, ‘जाते’ असे म्हणत नाहीत. कन्नडात उत्तम पुरुषी क्रियापदास लिंगभेद नसतो. तेव्हा शेजारच्या भाषेचा हा संस्कार असावा, असे मानण्यास जागा आहे. म्हणजे यात गल्लत नाही. दोन भाषा पिढ्यान् पिढ्या एका अंगणात नांदल्याची ती खूण आहे. पण पुण्यामुंबईच्या कानास ती चूक वाटते. आमच्या लहानपणी एका शाळेच्या संमेलनात आमच्या वर्गातील एका मुलीने नाटुकल्यात आईचे काम केले होते. मुलास निजवून ती दाराकडे वळली आणि पाठ केलेले वाक्य सोडून घरच्यासारखे ‘मी आलो हं, बाळा’ असे म्हणाली. बाहेरगावाहून आलेले पाहुणे मोठ्याने हसले. त्यांचे पाहून गुरुजी हसले. गुरुजींचे पाहून आम्हीही हसलो. ती मुलगी पुन्हा कधी रंगमंचावर चढली नाही. त्या हसण्यात आमचाही वाटा होता, याची टोचणी आजही जात नाही. त्या प्रसंगी खरी आई जे बोलली असती तेच ती बोलली होती; तिच्या वाक्यात दोष शोधावा असे काही नव्हते, दोष होता तो आमच्या कानांत.

एक कल्पित प्रसंग घेऊन हे अधिक स्पष्ट करू. वखारीत तंबाखू निवडणारी एक बाई. घरी तिचे मूल तापाने फणफणले आहे. संध्याकाळी हिशेब लिहिणारा कारकून मान वर न करता विचारतो, ‘उद्या येणार की नाही?’ पुस्तकी संवादलेखक तिच्या तोंडी घालील: ‘येईन. आम्हां गरिबांना काम केल्यावाचून कसे चालेल?’ हे वाक्य शुद्ध आहे, त्यात कणवही आहे. पण ते तिचे नाही, तिच्याविषयीचे आहे. ती म्हणेल: ‘येतो की. न येऊन खातो काय?’ या सहा शब्दांत ‘की’ या एका अक्षराने प्रश्न विचारणाऱ्याचे अज्ञान दाखविले आहे आणि पुढच्या चार शब्दांत तिचे सारे अर्थशास्त्र आले आहे. प्रेक्षकाने घरचे आजारी मूल आधीच पाहिलेले असेल, तर या उत्तरानंतर पार्श्वसंगीताची गरज उरणार नाही. आणि ‘येतो’ ऐकून कोणी हसावयास निघाला, तर त्याचे हसू ओठांवरच विरेल. पटकथेने भूमी तयार केली की बोली हास्यास्पद राहत नाही, हाच आमच्या विवेचनाचा मथितार्थ आहे.

या बोलीचे सामर्थ्य मराठी वाचकास अज्ञात आहे असेही नाही. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ प्राध्यापक असलेल्या पु. ल. देशपांडे यांनी ‘गणगोत’ (१९६६) मध्ये बेळगावच्या रावसाहेबांचे जे शब्दचित्र रेखाटले त्याने हे सिद्ध केले आहे. कन्नड हेलातील मराठी, शिव्यांच्या आड लपलेला जिव्हाळा, व्याकरणाला न जुमानणारे औदार्य, हे सारे तेथे आहे. वाचक पोट धरून हसतो आणि शेवटी त्याचे डोळे भरून येतात. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) सारखा बोलपट एकहाती उभा करणाऱ्या लेखकाला ही माणसे इतकी उत्तम अवगत होती; तथापि बेळगावचे सर्वांत गाजलेले ‘संवाद’ पडद्यासाठी लिहिले गेले नाहीत, ते एका व्यक्तिचित्रात राहिले. निपाणीत पिठाची गिरणी चालवीत आयुष्यभर लिहीत राहिलेले महादेव मोरे यांच्या कथा-कादंबऱ्यांत या परिसरातील कष्टकऱ्यांची बोली मुबलक आहे. २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुस्तकांत कित्येक पटकथांची सामग्री आयती पडून आहे. गद्याने जे केले ते पटकथेने करावयाचे राहिले आहे.

६

आणि तरीही निपाणीचा एक चित्रपट आहे. मराठी चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत त्यास क्वचितच स्थान मिळते. कारण तो कथापट नाही, त्यात नटनट्या नाहीत आणि तो जेमतेम पंचवीस मिनिटांचा आहे. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हे त्याचे नाव. दीपा धनराज, छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर आणि त्यांचे सहकारी यांच्या ‘युगांतर’ या मंडळीने तो १९८२ साली तयार केला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या स्त्रियांनी संघटना उभारून जो लढा दिला त्याचे हे चित्रण आहे.

हा चित्रपट आमच्या विषयात कसा बसतो, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो बसतो तो त्याच्या रीतीमुळे. या मंडळीने पटकथा लिहून आणून बायकांच्या हाती दिली नाही. ती निपाणीत येऊन राहिली, त्या बायकांमध्ये वावरली, त्यांचे अनुभव ऐकले. आणि काय दाखवावयाचे व काय बोलावयाचे याचा विचार त्यांच्याबरोबर बसून केला. तंबाखूच्या धुळीने भरलेल्या वखारी, तेथे जाणारे दिवस, अपुरी मजुरी, आणि एकमेकींच्या सोबतीने हळूहळू धीट होत गेलेले बोलणे, हे तेथे कोणा लेखकाच्या शैलीतून गाळून येत नाही. ज्यांच्यावर बेतले त्यांच्याच आवाजात ते येते. विष्णुदासांच्या खेळांत नटांनी आयत्या वेळी भाषण करावे ही जी प्रथा होती, ती सुमारे एकशे चाळीस वर्षांनी त्याच सीमेवर निराळ्या रूपाने परतली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. एक अंतर मात्र आहे. त्या नटांनी देवदानवांची भाषणे केली. या बायकांनी स्वतःची केली.

पुढे बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ या चित्रपटसंस्थेने युगांतरच्या चित्रपटांचे जीर्णोद्धार-काम केले आणि ते पुन्हा जगभर दाखविले जाऊ लागले. निपाणीच्या वखारीतील बाईचे बोलणे अशा रीतीने परदेशी प्रेक्षकांच्या कानी गेले. ते भाषांतरित अक्षरांच्या आधाराने समजून घेणाऱ्यास तिच्या व्याकरणात काही वावगे दिसले नसेल. त्याला ऐकू आला असेल तो तिचा निर्धार. आपल्याच कानांनी मात्र ते अजून पुरेसे ऐकलेले नाही, ही गोष्ट साहित्यसंस्थांनी मनावर घ्यावी अशी आहे.

७

बोलीविषयीचा संकोच अटळ आहे असे मात्र कोणी मानू नये. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला. त्याचे संवाद भरत मंजुळे यांचे, भाषा करमाळ्याकडची. त्यातील आर्ची ही मुलगी समोरच्यास, मराठी समजत नसेल तर इंग्रजीत सांगू काय, अशा आशयाचे जे विचारते ते महाराष्ट्रभर शाळकरी मुलांच्या तोंडी बसले. ज्या बोलीस काल अडाणी म्हणून हिणविले जात होते तीच आज ऐटीची ठरली. हे कशाने झाले? आर्चीला पटकथेने घोडा दिला, बुलेट दिली, ट्रॅक्टर दिला. प्रेम करण्याचे धाडस दिले आणि त्या धाडसाची किंमतही मोजावयास लावली. बोली एकटी आली नाही. तिच्याबरोबर एक पुरी व्यक्ती आली. त्याच चित्रपटाची ‘मनसु मल्लिगे’ ही कन्नड आवृत्ती २०१७ साली निघाली आणि तीतही नायिका रिंकू राजगुरूच होती. एकच मुखडा, तेच प्रसंग, दोन भाषा! बेळगावच्या प्रेक्षकास या दोन्ही आवृत्त्या अनुवादावाचून समजल्या. कोणते वाक्य कन्नडात अधिक खुलले आणि कोणते मराठीतच राहिले, हे त्याच्याइतके अचूक दुसरा कोण सांगणार? हा प्रेक्षक म्हणजे दोन भाषांच्या संवादकलेचा जन्मजात परीक्षक आहे. त्यास आपण आजवर कधी काही विचारले नाही.

अलीकडे २०२४ साली प्रकाश नारायण संत यांच्या लंपन या बालनायकावर आधारलेली मालिका घरोघरच्या पडद्यावर आली. संतांच्या ‘वनवास’ आदी पुस्तकांत बेळगावकडच्या परिसरातील मराठी-कन्नड मुलखाचा जो गोड गोंगाट आहे त्यास दृश्यरूप देण्याचा प्रयत्न व्हावा, ही शुभ घटना आहे. अशा प्रयत्नांची संख्या वाढावयास हवी.

ती कशी वाढेल, याविषयी दोन सूचना करून हा लेख संपवितो. पहिली सूचना अशी, की साहित्यसंस्थांनी जुन्या मराठी बोलपटांच्या पटकथा मिळतील तेथून मिळवून जतन कराव्यात आणि त्यांतील निवडक संपादित करून प्रसिद्ध कराव्यात. कागद नाहीसे झाले असतील तर चित्रपटावरूनच संवाद उतरवून घ्यावेत. पोथ्यांचे पाठ ज्या कसोशीने आपण सिद्ध करतो तीच कसोशी येथे लागेल. दुसरी सूचना अशी, की सीमाभागातील तरुण लेखकांनी पटकथा लिहिताना आपल्या घरातील बोलीची लाज बाळगू नये. पण नुसत्या बोलीच्या नवलाईवर विसंबूही नये. प्रथम प्रसंग सिद्ध करावा, माणूस उभा करावा, त्याच्यापुढे खरी अडचण ठेवावी आणि मग त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यावे.

असा बोलपट निपाणीत किंवा बेळगावात एक ना एक दिवस लागेल, याविषयी आम्हांस शंका नाही. त्यातली आई मुलास निजवून दाराकडे वळेल आणि ‘मी आलो हं, बाळा’ असे म्हणेल. त्या वेळी चित्रपटगृहात कोणी हसणार नाही. आणि बहुधा मागच्या एखाद्या रांगेत बसलेली एक वयस्क बाई ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा एकदा उच्चारील.